एकच संत्रा, दोन उजेड: नागपुरातल्या एका प्रतवारी शेडचं प्रकरण

दुपारचे पावणेदोन. मुकादम एक संत्रा घेऊन दारातून थेट टेबलापाशी आला.

"मावशी, हे फळ हिरवं हाय ना. दिसत नाही का तुम्हाले?"

मावशींनी फळ हातात घेतलं, देठाची बाजू वर करून फिरवलं. "भाऊ, मले तं पिवळंच दिसून राहिलं."

मुकादमाने फळ पाहिलं होतं दारात उभं राहून. मावशी बसल्या होत्या दारापासून बारा मीटर आत, पत्र्याच्या शेडच्या पोटात. फळ एकच होतं आणि दोघंही खरं बोलत होते. त्या दिवशीचा निकाल मात्र "कामात लक्ष नाही" असाच लागला आणि पुढचे काही दिवस तोच लागत राहिला. या प्रकरणात सगळ्यात आधी दुरुस्त करायला हवा होता तो हा निकाल. टेबल, दिवे, जाळी हे सगळं त्यानंतरचं.

शेडचं नाव इथे देत नाही. नागपूरच्या कळमना बाजाराच्या बाजूचं साधं पत्र्याचं शेड आहे आणि उजेडाची मापं अशा शेडमध्ये एरवी मिळतात तशीच आहेत.

तक्रार काय होती

माल आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या फुलांचा, महिना नोव्हेंबर. या दिवसांत नागपुरी संत्र्याची साल आतल्या गोडीच्या मागे राहते. सालीतलं हरितद्रव्य झडायला रात्रीचा गारवा लागतो आणि ऑक्टोबरात तो पुरेसा पडलेला नसतो. त्यामुळे आतून तयार झालेल्या फळाच्या सालीवरही हिरवट चट्टा राहतो, पुष्कळदा देठाभोवती. मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचं फळ हिवाळा अंगावर घेऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, त्याला रंग चढलेला असतो, म्हणून तेव्हा ही अडचण बरीच कमी. आंबियाच्या मालात मात्र केशरी, पिवळट आणि हिरवट अशा तीन ढिगांत फळं वेगळी करावी लागतात. कोळशीचे, म्हणजे काळ्या बुरशीचे डाग पडलेली फळं आणखी बाजूला.

चार मीटर लांब टेबल, दोन्ही बाजूंना मिळून सहा बाया. तक्रार अशी की परगावच्या व्यापाऱ्याला केशरीच्या क्रेटमध्ये हिरवट फळं सापडत होती. प्रत्येक क्रेटवर भरल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी होती, तिचा उपयोग झाला. परत आलेल्या क्रेटच्या चिठ्ठ्या वेळेप्रमाणे मांडल्यावर दोन गठ्ठे पडले: जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं, आणि संध्याकाळी पाचनंतरचा काळ. सकाळच्या क्रेटमध्ये चुका तुरळक. बाया त्याच, हात तेच, माल तोच. हलगर्जीपणा असा घड्याळ पाहून येत नसतो.

आणखी एक गोष्ट त्याच काळात घडत होती, पण तिचा या तक्रारीशी संबंध आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. दारातल्या दहा सेंटिमीटर उंच उंबऱ्याला क्रेट वाहणारे हमाल अडखळत. आत येतानाच. बाहेर जाताना कधीच नाही.

मापं

उजेड मोजणारा लक्समीटर टेबलावर आडवा ठेवायचा, पांढरा घुमट वर, आणि मोजणाऱ्याने स्वतःची सावली त्यावर पडू द्यायची नाही. मोबाइलमधल्या ॲपवर इथे विसंबू नये. फोनचा सेन्सर उजेड कोणत्या कोनातून येतो त्यावर आकडा बराच बदलतो, आणि शेडमध्ये उजेड एकाच बाजूने येतो.

दुपारी एकच्या सुमारास उघड्या अंगणात ८०,००० लक्स. कडुनिंबाखाली, जिथे सगळे जेवायला बसतात तिथे ८,०००. दाराच्या आत दोन मीटरवर ६००. टेबलावर ४०. संध्याकाळी पाच चाळीसला, छताचा दिवा लावून, टेबलावर १५.

लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड. डोळ्यापर्यंत येतो तो त्यातला परतलेला भाग, त्याला तेजस्विता म्हणतात. मॅट पृष्ठभागासाठी हिशोब सोपा आहे: लक्सला परावर्तनाच्या प्रमाणाने गुणायचं आणि ३.१४ ने भागायचं. संत्र्याची साल साधारण ३० टक्के उजेड परत पाठवते असं धरलं, तर ४० लक्सला तेजस्विता ३.८ कँडेला प्रति चौरस मीटर (पुढे नुसतं कँडेला), आणि संध्याकाळच्या १५ लक्सला १.४. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने २०१० मध्ये 'मधल्या दृष्टी'ची कक्षा ०.००५ ते ५ कँडेला अशी ठरवली. या कक्षेत डोळा पूर्ण दिवसाचाही नसतो आणि पूर्ण रात्रीचाही नसतो. म्हणजे रंग पारखायचं हे टेबल भर दुपारीसुद्धा दिवसाच्या दृष्टीच्या उंबरठ्याखाली होतं. संध्याकाळी तर बरंच खाली.

उन्हातून आत आल्यावर डोळ्यात काय होतं

अंगण आणि टेबल यांच्यातला फरक २,००० पट. तो भरून काढायला डोळ्याकडे तीन साधनं आहेत आणि तिघांचा वेग वेगवेगळा.

पहिलं बाहुली. उन्हात तिचा व्यास २ मिलिमीटरपर्यंत आकसतो, अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. उजेड क्षेत्रफळाप्रमाणे आत शिरतो, त्यामुळे हा फरक जेमतेम बारा पट. साठीकडे झुकलेल्या माणसाची बाहुली ५ मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. तिथे सहा पटच. शिवाय बाहुली आकसते क्षणात, पण उघडायला वेळ घेते. २,००० मधले बारा गेले तरी उरलेलं काम डोळ्याच्या मागच्या पडद्याला, दृष्टिपटलालाच करावं लागतं. "डोळा अंधाराला सरावतो" म्हणजे बाहुली मोठी होते एवढंच पुष्कळांच्या डोक्यात असतं. बाहुलीचा वाटा खरं तर सगळ्यात लहान आहे.

दुसरं साधन पेशींच्या जोडणीत आहे. दृष्टिपटलात उजेड टिपणाऱ्या प्रकाशपेशी दोन जातींच्या: मंद उजेडात काम करणाऱ्या साधारण ९ ते १२ कोटी दंडपेशी आणि भरपूर उजेडात रंग पाहणाऱ्या ४६ ते ६० लाख शंकुपेशी, पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू मात्र सुमारे १० लाख. एवढा माल एवढ्या अरुंद रस्त्याने पाठवायचा तर जसाच्या तसा पाठवून चालत नाही. म्हणून दृष्टिपटल उजेड किती आहे हे फारसं कळवतच नाही. शेजाऱ्यापेक्षा किती जास्त, किती कमी, ते कळवतं. प्रकाशपेशी अंधारात सतत रासायनिक संदेश सोडत असतात आणि उजेड पडला की तो कमी करतात. आडव्या पसरलेल्या पेशी आजूबाजूची सरासरी काढतात आणि ती वजा करतात. पेशी स्वतःची संवेदनशीलताही सेकंदाच्या अंशात ते काही सेकंदांत वरखाली करतात. उन्हातून घरात शिरल्यावर पहिल्या दोन-चार सेकंदांत जे भराभर 'दिसायला लागतं' ते या यंत्रणेमुळे.

तिसरं साधन सर्वात हळू, आणि या प्रकरणात दुपारचा घोळ त्याचाच. प्रकाशपेशीतल्या रंगद्रव्याचा प्रत्येक रेणू उजेडाचा एक कण टिपला की विरतो. त्यातला अ जीवनसत्त्वापासून बनलेला भाग आकार बदलतो, सुटतो, आणि तो पुन्हा घडवून जागेवर आणावा लागतो. दंडपेशींसाठी हे काम दृष्टिपटलामागच्या रंगीत पेशींच्या थरात होतं. या रसायनचक्राचा उलगडा करणाऱ्या जॉर्ज वाल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. रंगद्रव्य भरून येण्याचा काळ शंकुपेशींत काही मिनिटांचा. दंडपेशींत त्याच्या कितीतरी पट, पूर्ण भरून यायला अर्धा तास आणि वर. उन्हाने तापलेल्या अंगणाकडे तोंड करून बसलं, तर शंकुपेशींतलं निम्म्याच्या घरातलं रंगद्रव्य विरलेल्या अवस्थेत राहतं.

बाया जेवायला बसत कडुनिंबाखाली, तोंड अंगणाकडे. जेवण झालं की उन्हातल्या नळावर डबे धुवायच्या आणि तशाच थेट टेबलावर यायच्या. पहिली पाच-सात मिनिटं शंकुपेशींचा साठा अर्धवट भरलेला, आणि समोर ३.८ कँडेलाचं फळ. याच मिनिटांत मालाचा वेग सर्वात जास्त असायचा, कारण सुट्टीत साचलेला ढीग उपसायचा असे.

आता हिरवट-पिवळट हा भेद इतका नाजूक का, तेही सांगायला हवं. लाल-हिरव्याचा भेद दोन प्रकारच्या शंकुपेशींच्या संदेशांच्या वजाबाकीतून निघतो. एकीची संवेदनशीलता ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाच्या आसपास सर्वाधिक, दुसरीची ५३० च्या आसपास. दोन्हींचे पट्टे जवळजवळ एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणजे ही दोन मोठ्या रकमांची वजाबाकी आहे आणि उत्तर लहान येतं. उजेड भरपूर असला की दोन्ही रकमा पक्क्या असतात. कमी असला की दोन्हींत चढउतार येतो आणि लहानसं उत्तर त्यात हरवतं. रंग पूर्ण जात नाही. संत्रा केशरीच दिसतो, पान हिरवंच दिसतं. फक्त जवळच्या दोन छटांमधलं अंतर पुसलं जातं. मावशींना फळ 'पिवळंच' दिसत होतं ते असं.

त्यात चट्ट्याचा आकार. एक सेंटिमीटरचा चट्टा ४५ सेंटिमीटरवरून साधारण १.३ अंशाचा कोन करतो. दृष्टिपटलाच्या मधोमध जिथे दंडपेशी अजिबात नाहीत तो भाग जवळपास एवढाच. नजर नेमकी चट्ट्यावर ठेवली तर काम शंकुपेशींचं. पण दर फळाला सेकंदभर मिळतो, फळ फिरतं, चट्टा मध्यापासून सरकतो, आणि तिथे रंग न ओळखणाऱ्या दंडपेशी त्याच तंतूंत आपला संदेश मिसळून रंग फिका करतात.

दार समोर असणं

टेबल असं ठेवलं होतं की तीन बायांचं तोंड दाराकडे. हवा येते म्हणून ती जागा सगळ्यांना आवडायची, आणि जाणत्या म्हणून मावशींना ती दिलेली. सद्भावनेनेच दिलेली जागा त्यांच्या डोळ्यांना सर्वात वाईट होती.

तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच दार, बाहेरचं लख्ख अंगण. आतून दिसणाऱ्या त्या चौकटीची तेजस्विता सरासरी ६,००० कँडेला धरली, तर बारा मीटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर तिच्यामुळे सुमारे २७० लक्स पडतात. डोळ्यातल्या भिंगातून आणि पाण्यातून जाताना यातला थोडा उजेड विखुरतो आणि पूर्ण दृष्टिपटलावर पातळ पडद्यासारखा पसरतो. तो मोजायचं जुनं सूत्र आहे: डोळ्यावरच्या लक्सला दहाने गुणायचं आणि नजरेपासूनच्या कोनाच्या वर्गाने भागायचं. तीस अंशांना हे ३ कँडेला येतं. फळाची स्वतःची तेजस्विता ३.८. चट्टा आणि भोवतालची साल या दोन्हींवर ३ ची भर पडली की त्यांच्यातला भेद जवळपास निम्मा होतो. वयाबरोबर विखुरणं वाढतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा पडदा दीडपट धरावा लागतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी.

याची तपासणी विनाखर्चाची आहे. माणसाला कामाच्या जागीच बसवायचं, फळ हातात द्यायचं, आणि दुसऱ्या हाताचा तळवा कपाळावर टोपीच्या झडपेसारखा धरून दार झाकायला सांगायचं. चट्टा लगेच ठळक झाला तर दोष दाराच्या झगमगाटाचा. मावशींनी हात धरला आणि फळाकडे बघतच राहिल्या. "आता दिसते भाऊ. देठापाशी हिरवं हाय." मुकादम शेजारी उभा होता. त्याने स्वतः त्या स्टुलावर बसून तळवा धरून-काढून पाहिलं, तीन-चार वेळा. पुढची सगळी दुरुस्ती त्याने आपणहून उचलून धरली ती या मिनिटानंतर.

हिरवी जाळी आणि निळी ताडपत्री

दाराच्या वरच्या भागात उन्हाळ्यातली हिरवी जाळी तशीच लटकत होती, नागपुरात मे महिन्यात सिग्नलवर टांगतात तीच. टेबलावर निळी ताडपत्री अंथरलेली, फळं घसरू नयेत आणि पुसायला सोपी म्हणून. दोन्ही गोष्टी कामाच्या दृष्टीने रास्त. रंग पारखायला दोन्ही घातक.

जाळीतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो. डोळा उजेडाच्या रंगाला एक-दोन मिनिटांत बराचसा सरावतो आणि पांढरं पुन्हा पांढरं दिसू लागतं. पण सरावतो म्हणजे हिरव्याकडची संवेदनशीलता उतरवतो, आणि आपल्याला शोधायचं असतं ते हिरवंच. निळ्या ताडपत्रीचा परिणाम उलट्या बाजूने पण त्याच दिशेला. भोवतालची सरासरी वजा करणारी यंत्रणा वर सांगितली. निळ्या भोवतालातून निळं वजा झालं की मधल्या फळाला पिवळ्या-केशरीची भर मिळते. पिवळट-हिरवट फळ निळ्यावर ठेवलं की एक पायरी जास्त पिकलेलं वाटतं. याची खात्री हवी असेल तर एकाच फळाचे दोन अर्धे करून एक निळ्या कापडावर आणि एक करड्या पुठ्ठ्यावर ठेवून पाहा. बाजारात मांडणीसाठी निळा कागद वापरला तर फळ उठून दिसतं, ते यामुळेच. विकायला चांगलं, पारखायला वाईट.

संध्याकाळ

नोव्हेंबरात नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. शेडमध्ये त्यावर उपाय म्हणजे पाच मीटर उंचीवर एक ५० वॉटचा एलईडी, ज्याला सगळे हॅलोजनच म्हणतात. टेबलावर १५ लक्स, तेही डोक्याची सावली पडलेली.

इतक्या उजेडात दंडपेशींचा वाटा वाढतो आणि त्यांची सर्वाधिक संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरजवळ, म्हणजे निळसर-हिरव्याला. दिवसाच्या डोळ्याचा शिखरबिंदू ५५५ ला असतो, तो असा सरकतो. तिन्हीसांजेला लाल फूल काळपट आणि पानं उजळ दिसतात ते यामुळे. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे १८२५ साली नोंदवलं आणि परिणामाला त्यांचंच नाव आहे. टेबलावर याचा अर्थ असा की केशरी साल मंद होते, हिरवट चट्टा त्या मानाने उजळतो, आणि दोघांची उजळपणातली तफावत मिटते. रंगाचा भेद तर आधीच क्षीण. शिवाय मंद उजेडात दृष्टिपटलाचा संदेश सावकाश तयार होतो, म्हणून फिरणारं फळ पुसट दिसतं.

दुसरा दोष दिव्याच्या वर्णपटात. संत्र्याची केशरी साल ६०० नॅनोमीटरच्या पुढचा लालसर उजेड जोरात परत पाठवते. हरितद्रव्य त्याच पट्ट्यात उजेड शोषतं, ६७५ च्या आसपास सर्वात जास्त. म्हणजे दोघांमधला ठळक पुरावा लाल पट्ट्यात आहे. आणि रस्त्यासाठी बनवलेल्या पांढऱ्याफेक ६,५०० केल्विनच्या, रंगदर्शन निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ७० असलेल्या एलईडीत नेमका तोच पट्टा दुबळा असतो. दुकानात हा निर्देशांक सीआरआय म्हणून विचारायचा, आणि लाल रंगासाठी वेगळा आर-९ आकडा मागायचा. ७० वाल्या दिव्यात आर-९ पुष्कळदा शून्याच्या खाली असतो.

पहिला उपाय फसला

प्रकरण 'उजेड कमी आहे' एवढंच समजून घेतलं गेलं आणि ५० च्या जागी २०० वॉटचा तसाच एलईडी 'हॅलोजन' आला. टेबलावर लक्स चौपट झाले. तक्रारी वाढल्या. मेण लावलेली फळं चमकदार असतात. एकाच लहान, प्रखर दिव्याचं प्रतिबिंब प्रत्येक फळावर पांढरा ठिपका होऊन बसलं आणि चट्टा त्याखाली गेला. दिवा नजरेच्या टप्प्यात आल्याने दाराचा जो त्रास दिवसा होता तो आता रात्रीही. सावल्या अधिक गडद. दोन बायांचं डोकं दुखायला लागलं. लाल पट्टा जेवढा दुबळा होता तेवढाच राहिला, कारण दिवा त्याच जातीचा होता. उजेडाचं प्रमाण वाढवताना त्याची जागा, आकार आणि रंग तसाच ठेवला की असंच होतं.

मग काय केलं

आधी फुकटची कामं. टेबल फिरवलं, कोणाचंही तोंड दाराकडे राहणार नाही असं. दार आता एका बाजूला. पूर्ण पाठ केली असती तर स्वतःचीच सावली फळावर पडली असती. हिरवी जाळी काढून पांढरी लावली. निळी ताडपत्री काढून करडं, चमक नसलेलं रबरी मॅटिंग अंथरलं. आतल्या काळवंडलेल्या भिंतींना चुन्याचे दोन हात दिले. एवढ्यानेच दुपारी टेबलावरचा उजेड ४० वरून ९० पर्यंत चढला.

दिव्यांचा हिशोब असा. टेबल ४ मीटर बाय १.२, म्हणजे ४.८ चौरस मीटर. रंग पारखायला १,००० लक्स धरले तर टेबलावर ४,८०० ल्युमेन (एकूण उजेड मोजायचं एकक) पडायला हवेत. दिव्यातून निघालेल्या उजेडापैकी टेबलावर ४० टक्के पोचतो, आणि धूळ-जुनेपणाचा २० टक्के तोटा धरला, तर हाती ३२ टक्के. ४,८०० भागिले ०.३२ म्हणजे १५,००० ल्युमेन. चार फुटी, २० वॉटच्या, प्रत्येकी २,००० ल्युमेनच्या आठ एलईडी पट्ट्या. ५,००० केल्विन, सीआरआय ९०, आर-९ पन्नासच्या वर. टेबलाच्या वर दीड मीटरवर चार-चारच्या दोन रांगा, दुधी आवरण आणि डोळ्यात उजेड येऊ नये म्हणून बाजूला पत्र्याची पट्टी. एकूण १६० वॉट, दहा तासांना दीड युनिटच्या वर थोडं. लांबट, पसरट दिव्याचं फळावरचं प्रतिबिंब फिकट रेघ होतं, ठिपका होत नाही.

स्वस्त पट्टीत झगझग असते, ती डोळ्याला कळत नाही पण फिरत्या फळावर त्रास देते. मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून पाहिलं की सरकणारे काळे पट्टे दिसतात. तशा दोन पट्ट्या परत केल्या.

दारासाठी वेगळा उपाय. आतल्या पहिल्या चार मीटरच्या छतात दुधी फायबरचे दोन पत्रे बसवले, तिथे दुपारी ४०० लक्सच्या आसपास मिळू लागले. उन्हातून येणाऱ्या डोळ्याला ८०,००० वरून थेट ४० वर उडी मारावी लागू नये एवढाच हेतू. रस्त्यांच्या बोगद्यांत तोंडाशी दिवसा जास्त आणि रात्री कमी दिवे लावतात, तोच हा विचार. उंबरा काढून एक मीटर लांबीचा सिमेंटचा उतार केला. पिवळी रेघ मारूनही भागलं असतं असं मुकादमाचं म्हणणं होतं. पण उन्हातून आत पाऊल टाकणारा माणूस त्या क्षणी रेघ पाहूच शकत नाही, त्यामुळे उतारच बरा.

सुट्टीनंतरची पहिली दहा मिनिटं प्रतवारी बंद. त्या वेळात टेबलाजवळच बसून रिकाम्या क्रेट पुसणं, कागद लावणं, चिठ्ठ्या लिहिणं. डबे धुवायला सावलीतला नळ. आणि टेबलावर तीन नमुन्याची फळं, केशरी-पिवळट-हिरवट, दर दोन दिवसांनी बदलून, कारण नमुन्याचाही रंग चढत जातो. डोळा शेजारी ठेवलेल्या दोन छटा फार बारकाईने तोलतो. मनात धरलेल्या छटेशी तोलताना चुकतो.

डोळ्यांची तपासणी

सहाही जणींची तपासणी सरकारी रुग्णालयात झाली. मावशींची दूरची नजर फलकावर ६/९, म्हणजे कागदोपत्री ठीक. पण फलक म्हणजे पांढऱ्यावर काळं आणि भरपूर उजेड. शेडमधली अडचण त्यात उमटतच नाही. दिव्याखाली तपासल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली. शस्त्रक्रियेची घाई नव्हती, जवळच्या कामाचा चष्मा दिला. जागा बदलल्यावर त्यांचा हात पूर्वीसारखा चालू लागला.

इथे एक सावधगिरी. चांगल्या उजेडातही एखाद्या तरुण व्यक्तीला संध्याकाळी इतरांपेक्षा फार कमी दिसत असेल, ठेच लागत असेल, तर ते दिव्यावर ढकलून सोडू नये. अ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार असू शकतो. पहिला औषधाने बरा होतो आणि उशीर झाला तर डोळा जातो. तसंच, पुरुष कामगार प्रतवारीला घ्यायचे असतील तर ठिपक्यांच्या तक्त्यांवर रंग-तपासणी आधी करावी, कारण रंगांधळेपण पुरुषांत जास्त आढळतं, आणि ती दिवसाच्या उजेडात.

उरलेली गोष्ट: बटण

पंधरवड्याने चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या. दुपारच्या क्रेट सकाळच्या क्रेटपासून वेगळ्या ओळखता येईनात. संध्याकाळी मात्र चुकांचा एक लहान गठ्ठा अजून शिल्लक होता, पाच ते साडेपाचच्या मधला. दिवे लागल्यानंतर नाही, लागण्याच्या आधी.

पट्ट्या "अंधार वाटला की" लावायच्या असं ठरलेलं होतं. पण उतरत्या उन्हात उजेड हळूहळू कमी होतो आणि डोळा त्याच गतीने सरावत जातो, त्यामुळे अंधार वाटतच नाही. मीटरवर आकडा ९० वरून २५ वर आला तरी टेबलाभोवती कोणालाच फरक जाणवलेला नव्हता. बाया म्हणत, अजून चांगलं दिसते. उजेड किती आहे हे सांगायला डोळा बनलेलाच नाही. त्यामुळे बटण डोळ्याच्या भरवशावर ठेवता येत नाही. आता बोर्डावर रंगाने लिहिलं आहे: सकाळी काम सुरू होताना चालू, शेवटचा क्रेट बांधल्यावर बंद. मधे कोणी वीज वाचवायला हात लावला तर मावशीच पहिल्यांदा ओरडतात.